इंजेक्शन बंद केल्यावर काय?
वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनवरच्या तुमच्या लेखात घटलेल्या वजनाचे आकडे आहेत, पण औषध थांबवल्यानंतरचं काहीच नाही. जीएलपी-१ हे आपल्याच आतड्यात जेवणानंतर तयार होणारं, भूक शमवणारं संप्रेरक (हार्मोन). रक्तात ते दोनेक मिनिटांत निम्मं होतं. त्याचीच रचना बदलून, मेदाम्लाची (फॅटी ॲसिडची) साखळी जोडून टिकाऊ केलेलं रूप म्हणजे सेमाग्लुटाइड, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. या औषधाच्या २०२१ च्या स्टेप-१ चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं, खरंच मोठी गोष्ट आहे ही. पण औषध सोडल्यावर पुढे तपासलेल्या रुग्णांत वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं! यात इच्छाशक्तीचा दोष नाही, भूकच परत येते. लग्नाआधी ‘दोन महिन्यांपुरतं’ इंजेक्शन मागणाऱ्यांना डॉक्टरांनी हे आधी सांगावं, कळकळीची विनंती.