पोकळ हाय खरी

माझ्या गिटारच्या पोटात काल संध्याकाळी पाच रुपयांचं नाणं पडलं. पडलं म्हणजे, टाकलं गेलं. आणि टाकणाऱ्याची अजून समजूत अशी की त्यानं मला मदतच केली.

काम साधं होतं. सेमी-हॉलो, म्हणजे निम्म्या पोकळ इलेक्ट्रिक गिटारचे कंपनीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) काढून नवे हंबकर (दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप) बसवायचे आणि मागच्या, तारा अडकवायच्या आडव्या पट्टीच्या जागी बिग्सबी व्हायब्रेटो, म्हणजे सूर डोलवायचा दांडा, चढवायचा. सांगलीत हे करून देणारं कुणी मला सापडलं नाही, म्हणून विश्रामबागेतल्या एका मित्राच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कोपरा मागितला. घरी माझ्याकडे २५ वॅटचं सोल्डरिंग आहे, पण पॉटच्या, म्हणजे आवाज-टोनच्या बटणाखालच्या गोल भागाच्या, पाठीवर अर्थिंगचा डाग द्यायला ते पुरत नाही. पत्र्याचं कवच सगळी उष्णता पिऊन टाकतं, कथील गोळी होऊन वर बसतं, आणि आपण हट्टानं टोक दाबून धरलं की आतली कार्बनची पट्टी भाजून निघते. पाठ खरवडायची, ६० वॅटचं रुंद टोक लावायचं आणि दोन-तीन सेकंदांत हात काढायचा. मित्राचं स्टेशन या कामाला उत्तम. त्याच्या दुकानातली माणसं मात्र या कामाला अजिबात उत्तम नाहीत.

भरीव गिटारला मागे झाकण असतं. चार स्क्रू काढले की सगळं समोर. सेमी-हॉलोला दारच नाही. चार पॉट, कपॅसिटर, तीन खटक्यांचा स्विच, जॅक, सगळं एफ होलमधून (वरच्या लाकडातल्या एफच्या आकाराच्या चिरेतून) नाहीतर पिकअपच्या खाचेतून आत सरकवायचं आणि आतून आपापल्या भोकात वर काढायचं. म्हणून आधी पुठ्ठ्यावर गिटारची भोकं जशीच्या तशी आखून घ्यायची, ५०० किलोओहमचे चारही पॉट त्यावर आवळायचे, ०.०२२ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावायचे आणि सगळे डाग बाहेरच मारून टाकायचे. मग ॲम्प्लिफायरला जोडून पिकअपवर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा. ‘टक’ आलं तरच पुढं जायचं. आत गेल्यावर कच्चा डाग सापडला तर पुन्हा सगळं बाहेर. आशियाई गिटारची भोकं बहुधा ८ मिलिमीटरची आणि चांगल्या पॉटची मान साडेनऊची. तिथं ड्रिल चालवलं की प्लायवूडचा वरचा पापुद्रा रंगासकट उडतो. भोक मोठं करायचा निमुळता रीमर घ्यावा आणि हातानं फिरवावा.

मी प्रत्येक पॉटच्या दांड्याला मेणाचा दोरा बांधून, दोऱ्याचं दुसरं टोक भोकातून वर काढून, एकेक ओढून घेत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, “लेंग्यात नाडी घालताय जणू.”

काका मार्केट यार्डातले. फोन चार्ज होत नाही ही तक्रार. मित्र त्यांच्या चार्जिंगच्या भोकातून सुईनं राजापुरी हळद उकरत होता, आणि तोवर काकांना बसायला माझ्यासमोरचंच स्टूल मिळालं.

“ही तडकलीया, का मुद्दाम चिरलीया?”

“मुद्दाम आहे काका. याला एफ होल म्हणतात. इंग्रजी एफ.”

“मग पलीकडचा उलटा का?”

याला उत्तर नाही. इतकी वर्षं गिटार हातात आहे, पण पलीकडचा एफ उलटा असतो याचा मला कुणी जाब विचारला नव्हता.

“आत पोकळ हाय व्हय?”

“दोन्ही कडांना पोकळ. मधून लाकडाचा ठोकळा.”

“म्हंजे निम्मी करून सोडली.”

मग मला राहवलं नाही. सांगितलं, की पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात ॲम्प्लिफायरसमोर धरली की घुमायला लागते, तिचं अंगच थरथरून आवाज परत पिकअपमध्ये शिरतो. भरीव गिटार घुमत नाही, पण पोकळीतला तो मोकळा आवाजही तिच्यात नसतो. म्हणून गिब्सननं १९५८ साली ईएस-३३५ काढली, मधे मेपलचा ठोकळा आणि दोन्ही बाजू पोकळ.

“म्हंजे भांडण मिटवाय दोघांचंबी ऐकलं,” काका म्हणाले. ईएस-३३५ चं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही, हे मी मनात कबूल केलं आणि पुढच्याच क्षणी पस्तावलो, कारण दाद मिळाल्याचं काकांना तोंडावरून कळलं.

“हे दोन लाउडस्पीकर?”

“स्पीकर नाहीत. पिकअप. खाली मॅग्नेट, वर तांब्याच्या तारेची दोन-दोन वेटोळी. एकमेकांच्या उलट जोडलेली, म्हणजे ट्यूबलाइटची घरघर आपोआप कापली जाते.”

“किती पडलं?”

मी निम्मी किंमत सांगितली. आपल्याकडे हा आकडा कुणीच खरा सांगत नाही, घरी तर मुळीच नाही.

“येवढ्यात नवी आली असती की. आन् हितं कशाला करताय? मिरजेला न्या. सतारमेकर हायत.”

हे मला सगळेच सांगतात. मिरजेत फरीदसाहेब सतारमेकरांपासून दीडशेहून अधिक वर्षं तंतुवाद्यं घडताहेत. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जवारी लावणं म्हणजे हाडाच्या किंवा शिंगाच्या घोडीचा माथा कानानं ऐकत घासणं. त्या कारागिराच्या हाती चार वायरींचा हंबकर द्यायचा, म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरला दात दाखवायचा. शिवाय मिरजेत तंबोऱ्याला आधी लोक हात लावून नमस्कार करतात. इलेक्ट्रिक गिटार दिसली की पहिला प्रश्न, “मुलाची का?”

मी जॅक भोकातून वर घेण्यात गुंतलो होतो. खण्णकन् आवाज आला.

“काय टाकलंत?”

“काय न्हाई, पाचचा डॉलर. आवाज बघितला. पोकळ हाय खरी.”

रुपया टाकला असता तर एक वेळ चाललं असतं. रुपया-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, लोहचुंबकाला चिकटतात. दोऱ्याला चुंबक बांधून ओढून घेतलं असतं. पाचचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं. त्याला चुंबक विचारत नाही. बरं, राहू दे म्हणावं तर तेही नाही. पॉट सगळे त्याच बाजूला. नाणं सरकून पॉटच्या ‘गरम’, म्हणजे सिग्नलच्या पायावर आणि कवचावर एकदम टेकलं की शॉर्ट आणि आवाज गायब. नाही टेकलं तर ठरावीक सुरावर खडखडतं, आणि माणूस आठवडाभर फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या) तपासत बसतो.

उलटी करून हलवावी तर अर्धे पॉट दोऱ्यावर लोंबकळत होते. शेवटी फोनच्या टॉर्चनं नाणं शोधलं आणि खराट्याच्या हिराला डबल टेप लावून ते कडेवर उभं करून ओढलं. आडवं येत नाही, एफ होलच्या लांबीतूनच बाहेर काढावं लागतं. तोवर दोन दोऱ्यांचा पीळ पडून तिसरा सुटला होता. तो पॉट पुन्हा भोकाखाली आणण्यात जो वेळ गेला त्याचं कुणालाच काही नव्हतं.

मधल्या वेळात काकांचा फोन झाला. बिल देताना ते मित्राला म्हणाले, “पाच रुपयं तिकडं हायत, ते धरून घे.” मित्रानं धरले! नाणं बाहेर आल्यावर माझ्याकडून घेतले. नाणं माझ्या गिटारमधून, मजुरी माझी, आणि जमा त्याच्या गल्ल्यात.

बिग्सबीकडे वळायला रात्र झाली. तो स्क्रूनं आवळण्याआधी दोन्ही ‘ई’ सुराच्या, म्हणजे दोन कडांच्या तारा चढवून ताणाव्यात, गळ्याच्या दोन्ही कडांपासून त्यांचं अंतर सारखं आलं की मगच भोकं पाडावीत. बिग्सबीच्या या बी-७ मॉडेलचे पुढचे स्क्रू वरून त्या मधल्या ठोकळ्यात जातात, म्हणून हा प्रकार सेमी-हॉलोला चालतो, पूर्ण पोकळ गिटारला नाही. तारेचा मणी बारक्या खुंटीत अडकवायचा आणि तार ताणेपर्यंत तो निसटत राहतो. पेन्सिलीभोवती तारेचं टोक आधी वाकवून घ्यावं, खाली स्पंजचा तुकडा खोचावा. नटच्या, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या खाचांत शिसपेन्सिल घासावी, नाहीतर ‘जी’ सुराची तार दांडा सोडल्यावर जागेवर येत नाही.

आणि अर्थिंग! पहिली पट्टी काढली की बहुतेक गिटारांत तारांचा अर्थही जातो, कारण तो वायर पट्टीच्या खिळ्याच्या बुशला (भोकातल्या धातूच्या नळीला) दाबलेला असतो. तारांना हात लावला की घरघर वाढते, आणि लोक दोष नव्या पिकअपला देतात. आतून एक उघडा वायर शेपटीकडच्या पट्ट्याच्या खुंटीच्या भोकातून काढून बिग्सबीच्या पायाखाली दाबावा. मीटरचं एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावावं. वाजला की झालं.

पिकअपच्या रिंगांचं, म्हणजे त्याच्या भोवतीच्या चौकटींचं, राहिलंच. वरचं लाकूड कमानदार, म्हणून रिंगचं बूडही वळलेलं हवं. विक्रेत्यानं सपाट पाठवल्या, आणि वायरिंगचा कागद पाठवलाच नाही. विचारलं तर म्हणे, “काळी वायर अर्थ सर, युनिव्हर्सल असतं.” सीमर डंकनमध्ये काळी गरम असते, डिमार्झिओत लाल, दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र लावून हे पाळलं नाही, तर मधल्या खटक्यावर आवाज नाकातून येतो. रिंगांवर त्याचा सल्ला असा: “गिटारच्या टॉपला थोडा पॉलिश पेपर मारा सर, बसतील.”

गिटारला पेपर मारायचा नसतो. टॉपवर मास्किंग टेप लावून त्यावर १२० नंबरचा पेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवायचा आणि रिंग त्यावर घासायची, म्हणजे टॉपचीच कमान रिंगच्या बुडाला येते. मी हे त्याला सविस्तर लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, “थँक्यू सर, बाकी कस्टमरलाही हेच सांगतो. सपाटच पाठवत जाऊ.”