‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या श्रोत्यांस

डच पियानोवादक रॉब हूकेवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक जुना श्रोता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण लिहिता लिहिता लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. श्रोतेमहाशयांचं म्हणणं असं: डच आडनाव मी चुकीचं लिहिलं. 1966 साली हूकेचं जे ‘मार्जियो’ गाजलं, ते मुळात बूगी-वूगी (डाव्या हाताने एकच ठेका सतत धरून उजव्याने खेळायची पियानोची अमेरिकी शैली) नव्हेच. शिकागोच्या कृष्णवर्णीय वादकांचं संगीत एका गोऱ्या माणसाने उचललं, आणि मी त्या वादकांचा साधा उल्लेखही केला नाही. शिवाय, ‘शेवटी डाव्या हाताने तेच तेच बडवायचं, भजनाला पेटी धरणारं कुठलंही पोरगं ते करील. यात कसली आलीय साधना?’ आणि खाली एक हसरा चेहरा टाकून: ‘भाऊ, अभ्यास वाढवा.’

आधी चूक कबूल करतो. मी सगळीकडे ‘होएके’ लिहिलं होतं. डचमध्ये ओ आणि ई शेजारी आले की उच्चार ‘ऊ’ होतो, तेव्हा ‘हूके’च बरोबर. दुरुस्ती केली आहे, आभार. फक्त एक सांगा, हूकेच्या जोडीदाराला आपण त्याच प्रतिक्रियेत ‘व्हॅन डर गाग’ म्हटलंय ते कसं काय? डच माणूस ‘ग’ घशातून काढतो. तो हाइन फान देर खाख. चित्रकार व्हिन्सेंटलाही आपण गॉगच म्हणत असाल, तर माझ्या ‘होएके’वर इतकं उखडायचं कारण नव्हतं. असो.

चूक दाखवली म्हणून मला राग आलेला नाही. ‘भाऊ’ म्हणून पाठीवर हात ठेवायचा आणि त्याच हाताने टपली मारायची, हे खटकलं. माझं नाव, फोटो, गाव सगळं इथे उघडं आहे. आपण मात्र ‘एक जुना श्रोता’. किती जुना? 9 जानेवारी 1939 ला हार्लेममध्ये हूके जन्मला तेव्हापासूनचे? (न्यूयॉर्कचं नव्हे, नेदरलँड्सचं हार्लेम. न्यूयॉर्कच्या वस्तीला नाव याच गावावरून मिळालं. माझ्या अभ्यासाची काळजी वाटते म्हणून सांगून ठेवतो.)

आता त्या पेटीच्या वाक्याकडे येतो. ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो.

अहो, पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात कुठे असतो? भात्यावर! भजनात पेटी धरणाऱ्या पोराचा डावा हात आयुष्यात एक सूर वाजवत नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमच्याकडे दर गुरुवारी भजन असायचं. आठव्या वर्षापासून मी काकांच्या शेजारी बसलोय, आणि पुढे सात वर्षं रीतसर शिकलोय. उजवा हात बऱ्यापैकी तयार झाला. डाव्या हाताला माहीत होतं ते एकच: ओढ, सोड.

नोकरीनिमित्त मी सहा वर्षं नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला होतो. 30 एप्रिलला, म्हणजे तेव्हाच्या ‘राणीच्या दिवसा’ला, तिथे लोक घरातली अडगळ फुटपाथवर मांडून विकायचे. 2011 साली अशाच एका खोक्यात मला हूकेची तबकडी मिळाली. दोन युरो. कव्हरच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाने बॉलपेनने नाव लिहून वर रेघोट्या मारलेल्या. मी पाचाची नोट दिली. केशरी टोपीतला तो म्हातारा उजव्या हाताने डब्यातले सुटे चाळत होता, आणि डाव्या हाताची बोटं खोक्याच्या पुठ्ठ्यावर बूगीचा ठेका धरून बसली होती. नाणी मोजताना तोंडाने आकडे, उजव्या हाताने शोधाशोध, मध्येच शेजारणीशी दोन शब्द. डाव्या हाताचा ठेका तसूभरही ढळला नाही. तीन युरो माझ्या तळहातावर पडले तरी ठेका चालूच.

महिन्याभरात मी जुना डिजिटल पियानो घेतला. डाव्या हाताचा सगळ्यात सोपा पाठ आपल्या भाषेत सांगतो: सा ग प ध नि ध प ग, त्यातला नि कोमल. चार मात्रांत, म्हणजे एका बारमध्ये, आठ सूर. हेच मग मध्यमावरून, पंचमावरून, आणि परत सा. बारा बारचं एक आवर्तन, म्हणजे डाव्या हाताचे 96 आघात. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत हे आवर्तन 18 सेकंदांत संपतं. तीन मिनिटांच्या तुकड्यात अशी दहा आवर्तनं आणि 960 आघात, त्यातला एकही लांबवायची किंवा गिळायची सोय नाही. पहिल्या आठवड्यात मनगटापासून कोपरापर्यंत ठणका लागला. तो परवडला. तिसऱ्या आठवड्यात उजवा हात मध्ये घातला आणि डावा कोसळला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “भाता सुटला तुझा.” दीड वर्षं रोज बसून मला एक तुकडा धडपणे वाजवता आला, तोही सावकाश.

‘तेच तेच’ म्हणजे काय, हे तबल्याच्या मैफलीत विचारून पाहा. एकल तबल्याला लेहरा धरणारा तासभर एकच ओळ वाजवतो. त्याने जरा लय सोडली तर तबलजीचं घर कोसळतं, म्हणून जाणकार आधी लेहरेवाल्याकडे बघतात. बूगी वाजवणारा एकाच देहात लेहराही धरतो आणि तबलाही वाजवतो. डावा हात जागा सोडत नाही म्हणूनच उजव्याला आडवं जाता येतं, उशिरा उतरता येतं, एकच सूर बारा वेळा हाणून मध्येच सोडून देता येतो. याला साधना म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पण ‘कुठलंही पोरगं’? एक पोरगं आणून दाखवा मला.

आणि ज्याला आपण बडवणं म्हणता, त्या माणसाची बोटं 1974 साली अपघातात जायबंदी झाली. पियानोवाल्याची बोटं! तो पुन्हा पियानोपुढे बसला. 1977 साली ‘द ॲनिमल्स’ या ब्रिटिश बँडच्या ॲलन प्राइसबरोबर त्याची ‘टू ऑफ अ काइंड’ आली, आणि 1999 साली वारेपर्यंत तो बूगीवालाच राहिला. हे सगळं लेखात होतं. आपण बहुधा तिथवर पोचला नाहीत.

राहिले बाकीचे मुद्दे. ‘मार्जियो’ बूगी नाही, बरं, नाही. उचलेगिरीचा विषय मोठा आहे, त्याला वेगळा लेख लागेल. नावं मात्र मला माहीत नाहीत असं समजू नका. पाइनटॉप स्मिथने 1928 साली बूगीचं ते प्रसिद्ध ध्वनिमुद्रण केलं. अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस शिकागोत टॅक्सी चालवायचे. 23 डिसेंबर 1938 ला पीट जॉन्सनसह ते दोघे कार्नेगी हॉलमध्ये वाजले, आणि 6 जानेवारी 1939 ला ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या पहिल्याच ध्वनिमुद्रणाला ॲमन्स आणि लुइस बसले. हूके जन्मला तीन दिवसांनी. लेख हूकेवर होता म्हणून ही मंडळी आली नाहीत, एवढंच. आणि ‘डच माणसाचा बूगीशी काय संबंध’ असंच म्हणायचं असेल, तर नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्टला जन्मलेल्या चित्रकार मोंद्रियानचं शेवटचं, अपुरं राहिलेलं चित्र हेगच्या संग्रहालयात आहे. त्याचं नाव ‘व्हिक्टरी बूगी-वूगी’. तिथे जाऊन भिंतीला विचारा.

यावर आपल्याला आणखी लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त नाव घालून लिहा. ‘भाऊ’ नको.

ता.क. लेखाच्या मथळ्यात अजून ‘होएके’च दिसेल. तो बदलला की जुना दुवा तुटतो, आणि तो दुवा बऱ्याच जणांनी पुढे पाठवला आहे. ते तसंच राहणार.