व्होस्तोकचा आलेख अर्धाच का वाचता?

एक मेसेज सध्या फार फिरतोय: "अंटार्क्टिकाच्या बर्फानेच दाखवून दिलंय की आधी तापमान वाढतं आणि ८०० वर्षांनी कार्बन डायऑक्साइड. म्हणजे या वायूने पृथ्वी तापते हे थोतांड. माणूस नव्हता तेव्हाही हवामान बदलत होतंच. शास्त्रज्ञ निधीसाठी भीती घालतात." सोबत अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक या रशियन संशोधन तळावरच्या बर्फाचा आलेख असतो. ज्यांनी हयात घालवून तो आलेख तयार केला, त्यांनाच खोटं पाडायला तो वापरला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

निधीचं आधी बघू. क्लोद लोरियुस हे फ्रेंच हिमशास्त्रज्ञ १९५७ साली, पंचविशीत, अंटार्क्टिकावरच्या शार्को तळावर दोन सहकाऱ्यांसोबत बर्फात गाडलेल्या खोलीत राहिले. तापमानवाढीवरून तेव्हा कुठेही राजकारण पेटलेलं नव्हतं. १९६५ मध्ये त्यांनी खोलवरच्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीत टाकला, बुडबुडे सुटताना पाहिले, आणि ही जुन्या काळची कोंडलेली हवा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. व्होस्तोकचा १,६०,००० वर्षांचा आलेख छापून आला तो थेट १९८७ मध्ये. खोदकाम सोव्हिएत, प्रयोगशाळा फ्रेंच, ने-आण करायला अमेरिकी विमानं, आणि काळ शीतयुद्धाचा. संगनमत करायला याहून गैरसोयीची मंडळी सापडणार नाहीत.

आता ८०० वर्षं. खरा मुद्दा हाच आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. तापमान कळतं बर्फाच्या पाण्यातल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून), कार्बन डायऑक्साइड मोजतात बुडबुड्यांतल्या हवेत. पण व्होस्तोकला वरचा सुमारे शंभर मीटरचा थर सच्छिद्र असतो, त्यातून हवा खेळत राहते. बुडबुडा बंद होतो तो या थराच्या तळाशी. त्यामुळे आतली हवा भोवतीच्या बर्फाहून काही हजार वर्षांनी तरुण असते, आणि दोन्हींची वयं जुळवणं हे मोठं जिकिरीचं काम. २००३ मध्ये एका गटाने ही अडचण टाळली: तापमानाचा माग त्यांनी त्याच हवेतल्या आर्गॉन वायूवरून काढला. ८०० वर्षं हा आकडा तिथला, सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वीच्या एका हिमयुगाच्या अखेरीचा. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस अंटार्क्टिकात दोन्ही जवळजवळ एकदमच वाढल्याचं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. जगभरच्या ८० ठिकाणच्या नोंदी एकत्र केलेल्या २०१२ च्या अभ्यासात तर जगाचं सरासरी तापमान बहुतांशी कार्बन डायऑक्साइडच्या मागून वाढताना दिसतं.

पण समजा, ८०० वर्षं सगळीकडे खरी. तरी काय सिद्ध होतं? हिमयुग संपायला हजारो वर्षं लागतात. सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षातल्या फरकांनी होते, समुद्र तापतो, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तापमान आणखी चढवतो. पहिल्या ८०० वर्षांनंतर हजारो वर्षं दोन्ही सोबतच वाढतात. हा वायू वगळला तर एवढ्या तापमानवाढीचा हिशेबच लागत नाही. हे मी मेसेजला उत्तर म्हणून शोधून काढलेलं नाही. लोरियुस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्येच लिहिलं होतं की कक्षेतल्या बदलांचा क्षीण परिणाम हरितगृह वायू आणि हिमथर मिळून वाढवतात. २००३ च्या त्या निबंधातही तेच म्हटलंय. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातला आकडा उचलला आणि निष्कर्ष मागे ठेवला.

"पूर्वीही बदलत होतं" हे वाक्य खरं आहे. शास्त्रज्ञांनीच ते आपल्याला सांगितलं, आणि कशामुळे बदलत होतं तेही. बर्फातल्या ८,००,००० वर्षांच्या नोंदीत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण १८० ते ३०० यांदरम्यान राहिला. आज तो ४२० च्या वर आहे, आणि २८० पासूनची ही वाढ औद्योगिक क्रांतीनंतरची. ती समुद्रातून आली म्हणावं, तर आज समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषून घेतोय, त्याचं पाणी आम्लाकडे झुकतंय. शिवाय हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ चं, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचं, प्रमाण घटतंय, आणि कोळसा-तेलात तो कमी असल्याने ते जाळल्यावर तसंच व्हायला हवं.