खाजणातल्या सुरकुत्या म्हणजे ‘पहिले प्राणी’ नव्हेत

एक फॉरवर्ड फिरतो: ओहोटीला उघडं पडलेलं खाजण, चिखलावर सुरकुत्या, आणि खाली मजकूर: ‘कोकणात सापडले ६० कोटी वर्षांपूर्वीच्या पहिल्या प्राण्यांचे ठसे.’ फोटो खराही असेल. मजकूर मात्र टिकत नाही.

आधी वय. कोकणाच्या बहुतेक भागाखाली बेसाल्ट आहे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दक्षिण सिंधुदुर्गात त्याहून कितीतरी जुने खडक आहेत, हे मान्य. पण खाजणातला गाळ त्यांच्या वयाचा नव्हे. तो अजून साचतोच आहे.

‘सुरकुत्या म्हणजे प्राणी’ हेही चूक. दुधावरच्या सायीसारखी ती जिवाणूंची चटई असते. सुरीने दोन-तीन सेंटिमीटर जाडीची वडी कापा: वर हिरवा पापुद्रा, कधी त्याखाली जांभळट रेघ, मग काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. हवा लागली की तो तपकिरी पडतो, म्हणून फोटो कापल्याबरोबर काढायचा. गाळाचे थर पाहायचे असतील तर पीव्हीसी पाइप हळूहळू दाबा, ठोकू नका. ठोकलं की थर चेपतात. वरचं तोंड घट्ट बंद करूनच उपसा, नाहीतर गाळ खाली घसरतो.

‘मग याचा प्राण्यांशी संबंधच नाही?’ आहे, आणि तोच भाग फॉरवर्डमध्ये नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एडिआकारा टेकड्यांत १९४६ मध्ये भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांना फार जुन्या, मऊ अंगाच्या जीवांचे ठसे दिसले. त्यांतले काही पहिल्या प्राण्यांपैकी मानतात. हाडं-कवचं नसताना ते उरले, त्यात समुद्रतळावरच्या अशाच चटयांचा मोठा वाटा मानतात. आज गोगलगायी चटई खातात, कुर्ल्या ती उकरतात. ती नीट वाढते ती खारटपणामुळे हे पाहुणे फिरकत नाहीत तिथे, उदाहरणार्थ मिठागरात.

‘आकार जुळतो’ हा पुरावा नव्हे. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहेच्या छतावरचा ‘डिकिन्सोनिया’ (एडिआकारासारख्या ठशांतला एक चपटा, मऊ जीव) २०२१ मध्ये गाजला. २०२३ मध्ये ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष ठरले. खडकावरून ते सुटून पडत होतं!

तसाच फोटो पुन्हा आला तर सुरकुतीची कड नखाने उचलून पाहा. पापुद्रा सलग सुटला तर चटई. भुगा झाला तर नुसता चिखल, कारण उथळ पाण्यावरच्या वाऱ्यानेही अशा रेघा उमटतात.