दमा कुणाकडून आला, हे विचारणं आता पुरे

लेकराला दमा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याकडे पहिली चौकशी सुरू होते ती खानदानाची. आईच्या माहेरी कुणाला होता? मामाला? आजीला? एखादं नाव सापडलं की सगळ्यांचं समाधान होतं. "हे तुमच्याकडूनच आलं बरं," असं एकदा सुनावलं की घरातल्या बाकीच्यांना पुढे काही करायचं उरत नाही. माझ्या भाचीच्या वेळी हे मी जवळून बघितलं. मी नागपुरातच ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे यावर गप्प बसणं मला पटत नाही.

दमा घराण्यात चालतो, हे खरं आहे. आईवडिलांना दमा असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. पण एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही, असं दिसतं. जनुकं तीच, मग फरक पडतो तो कुठली जनुकं वापरात आली यावर. डीएनए पेशीत हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून ठेवलेला असतो. कपाटातल्या साड्यांसारखंच समजा: जिची घडी मोडली ती वापरात, बाकीच्या जागेवर पडून. डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक कण चिकटले की ते जनुक बहुतेक वेळा घडीतच राहतं. हिस्टोनवर ॲसिटाइलचे कण चढले की घडी मोडते. यांनाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. जनुकाचं एक अक्षरही बदलत नाही, पण धूर, धूळ, विषाणूचा संसर्ग, आहार यांनी घड्या मात्र बदलतात.

दम्यात श्वासनलिकेच्या अस्तराला सूज असते, आणि ती अटॅक नसतानाही आत धुमसत असते. इंटरल्युकिन म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारी प्रथिनं. त्यातल्या इंटरल्युकिन-५ मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी तिथे गोळा होतात, इंटरल्युकिन-१३ मुळे चिकट कफ तयार होतो. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांमधली दमा असलेली ९७ आणि निरोगी ९७ मुलं तपासली, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. दमा असलेल्या मुलांच्या रक्तपेशींत इंटरल्युकिन-१३ च्या जनुकावर मिथाइल कमी होतं. म्हणजे कफ वाढवणाऱ्या जनुकाचीच घडी मोडलेली.

मला त्याहून अस्वस्थ करतो तो कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरातला अभ्यास, २०१० चा. फ्रेस्नोची हवा अमेरिकेतल्या सगळ्यात वाईट हवांपैकी. आपल्या शरीरात सूज आवरणाऱ्या नियामक टी-पेशी असतात आणि त्या चालतात फॉक्सपी३ या जनुकावर. प्रदूषित हवेत राहणाऱ्या, दमा असलेल्या मुलांमध्ये नेमकं तेच जनुक मिथाइलने जास्त झाकलेलं सापडलं, आणि या पेशींचं काम मंदावलेलं. जी पेशी भांडण मिटवणार, तिचंच तोंड बंद.

रक्तात दिसणारा प्रत्येक फरक दम्याचं कारण असतो असं नाही. काही फरक दम्यामुळे, इओसिनोफिल वाढल्यामुळेही दिसतात. तरी धुराकडे बोट दाखवणारे पुरावे एकाच ठिकाणचे नाहीत. २०१६ साली १३ अभ्यासगटांमधल्या ६,६८५ नवजात बाळांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा गरोदरपणी आई सिगरेट ओढत असेल तर बाळाच्या डीएनएवर जन्मतःच हजारो ठिकाणी फरक दिसला.

आता हे वाचून कुणी पुन्हा आईवरच घसरू नका. आपल्याकडच्या बहुतेक आया सिगरेट ओढत नाहीत. त्या दुसऱ्यांनी सोडलेला धूर घेतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांचा धूर आणि राख उत्तर नागपूर घेतं. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख शेतात आणि नाल्यात सगळ्यांनी बघितली. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डला उन्हाळ्यात आग लागते, तेव्हा आजूबाजूच्या वस्तीतली बाई कुठे जाणार? आणि डिसेंबरच्या थंडीत गल्लोगल्ली झाडलेला पाला, त्यात प्लास्टिकच्या पन्न्या, पेटवून दिला जातो. तो धूर वर जात नाही. थंड हवेत घरांच्या उंचीलाच रेंगाळतो.

अशाच एका रात्री भाची उठून बसली होती. दोन्ही हात गादीवर टेकलेले, खांदे कानाशी, प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. "मावशी, पाणी" एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. ही अवस्था ज्याने पाहिली, तो पाला जाळण्याला क्षुल्लक म्हणणार नाही. महापालिकेने कचरा जाळण्यावर दंड नुसता कागदावर ठेवू नये, आणि कोराडीत ६६० मेगावॅटचे नवे दोन संच उभारण्याची चर्चा होते तेव्हा त्या खुर्च्यांवर एक बालरोगतज्ज्ञही बसलेला असावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि पंप. "पंपाची सवय लागते" हे वाक्य मला वारंवार ऐकू येतं, शिकलेल्या घरांतही. रोज घ्यायच्या पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि ते काम नेमकं या घड्यांवरच करतं. ते एचडॅक-२ नावाच्या प्रथिनाला सूजेच्या जनुकांपाशी बोलावतं, हे प्रथिन ॲसिटाइल काढून टाकतं आणि मोडलेली घडी परत बसते. म्हणूनच खोकला थांबला की पंप बंद, असं मनाने करायचं नाही. उंचीची भीती म्हणाल तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात चार ते सहा वर्षं ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. परिणाम आहे, तो लपवू नये. पण गुदमरणाऱ्या लेकरापुढे तो ठेवून बघा.

एक गोष्ट मात्र घरातल्या पुरुषांनी नीट वाचावी. २०१४ साली लंडनच्या डॉक्टरांनी तीव्र दमा असलेल्या मुलांच्या फुप्फुसातल्या पेशी तपासल्या. ज्या घरात सिगरेट ओढली जात होती, तिथल्या मुलांमध्ये हे एचडॅक-२ कमी झालेलं होतं. म्हणजे आई पंपाला स्पेसर, म्हणजे औषध श्वासातून नीट आत जाण्यासाठीची नळी, लावून, दहा श्वास मोजून, नंतर चूळ भरायला लावून जे औषध आत पोचवते, त्याचा हातच बाबांचा धूर धरून ठेवतो. "मी गॅलरीत ओढतो" हे उत्तर चालणार नाही. गॅलरीचं दार उघडंच असतं, आणि शर्टाला वास तसाच असतो. सोडायला मदत हवी असेल तर मागा. ती मिळते, निकोटिनच्या गोळ्याही मिळतात. पण तोवर आईच्या माहेरची चौकशी बंद ठेवा.