कोची ते जाम: जिप्सीच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची जिप्सी कोचीहून वर्धा जिल्ह्यातल्या जामला आणण्याच्या आमच्या कामाला तुम्ही ऑनलाइन एक तारा दिला आणि पाच गोष्टी लिहिल्या. गाडी आठ दिवसांत येणार होती, ती एकोणीस दिवसांनी आली. हूड, म्हणजे कापडी छत, फाटलं. मीटर ४६ किलोमीटर वाढलं. टाकीतलं पेट्रोल कमी झालं. आणि घरापर्यंत न आणता जाम चौरस्त्यावरच गाडी ताब्यात दिली. उत्तराला चार दिवस लागले, कारण ट्रेलरवाल्याकडून गाडी चढवताना आणि उतरवताना काढलेले फोटो मागवले आणि ते पाहिल्याशिवाय काही लिहायचं नव्हतं.

आधी मीटरचं सांगतो, कारण तुमचा राग तिथे सगळ्यात जास्त आहे आणि तो बरोबर आहे. आमच्या ऑफिसातल्या पोरानं तुम्हाला फोनवर सांगितलं की चढवता-उतरवताना मीटर तेवढं वाढतंच. ते खोटं होतं. रॅम्पवर चढ-उतार करताना गाडी फार तर शे-दोनशे मीटर चालते. तुमची जिप्सी बुटीबोरीहून जामपर्यंत हायवेनं चालवत आणली. 'चालवत घेऊन ये' हे ड्रायव्हरला मीच सांगितलं होतं. त्यामुळे ड्रायव्हरला आणि त्या पोराला दोष देऊ नका.

असं का झालं, तेही सांगतो. आमच्याकडे दोन लहान फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचे ट्रक, आहेत, जवळपासच्या कामाला. लांबून गाडी आणायची असली की आम्ही दुसऱ्यांच्या मोठ्या ट्रेलरवर जागा घेतो. तुमच्या गाडीला वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढची जागा मिळाली. कोचीहून सेलमपर्यंत ५४४ नंबरचा हायवे आणि तिथून पुढे ४४ नंबर. बंगळूर, हैदराबाद, आदिलाबाद, पांढरकवडा, हिंगणघाट करत ट्रेलर आधी जामलाच येतो, बुटीबोरी त्याच्या पुढे. म्हणजे तुम्ही लिहिलं ते खरं आहे, तुमची गाडी रात्री तुमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. पण वर पुढे उभी असलेली गाडी मागच्या सगळ्या गाड्या उतरल्याशिवाय निघत नाही, आणि चौरस्त्यावर रात्री ट्रेलर रिकामा करायला जागा नाही. म्हणून आधी बुटीबोरीचं यार्ड आणि मग तिथून परत मागे. परतीचा हा टप्पा फ्लॅटबेडवर व्हायला हवा होता. एक फ्लॅटबेड चंद्रपूरला गेला होता, दुसऱ्याचं दुरुस्तीचं काम निघालं होतं. तुम्ही सकाळपासून जामला थांबून फोन करत होता, आणि मी घाई केली.

नवी गाडी असती तरी न विचारता चालवणं चूकच होतं. तीस वर्षं जुन्या जिप्सीची गोष्ट तर आणखी वेगळी. तुमच्या टायरचा फोटो मी मोठा करून पाहिला. बाजूला २३१४ छापलंय, म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर दिसते, पण रबराला भेगा आहेत. जंगलात, वावरात, वीस-तीसच्या वेगानं असा टायर चालून जातो. पावसातल्या सिमेंटच्या हायवेवर, ट्रकांच्या मधून, गाडीची सवय नसलेल्या ड्रायव्हरच्या हातात तो फुटला असता तर? शिवाय तुमच्या गाडीवर विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे. समोरच्याचं नुकसान त्यातून भरून निघालं असतं, तुमच्या गाडीचं नाही. हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. चौदा वर्षं हाच धंदा करतो आहे.

तुम्ही लिहिलं की आता समोरून घरघर आवाज येतो आणि गाडी फोर बाय फोरमध्ये पळवली असावी. ही शंका योग्य आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरन्शियल या गाडीत नाही. कोरड्या, पक्क्या रस्त्यावर फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन, चालवली की वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण सुटायला जागा मिळत नाही आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) व चाकांच्या हबवर बसतो. चिखलात चाक थोडं घसरतं, म्हणून तिथे चालतं. ड्रायव्हर सांगतो की लिव्हर टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) होता आणि हबला त्यानं हात लावला नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण मी सोबत नव्हतो. जामपासून पुढे तुम्ही स्वतः चालवली, तेव्हा आवाज त्यातला असेल, असंही मी म्हणणार नाही. गाडी तुमच्या भरवशाच्या मिस्त्रीला दाखवा. हब, बेअरिंग, ट्रान्सफर केस उघडून पाहू द्या. उघडण्याची मजुरी आणि ऑइल माझ्याकडे. या प्रवासानं काही बिघडलं असं मिस्त्री म्हणाला, तर दुरुस्तीही माझ्याकडे.

हूडचंही तसंच. कापडी हूड असलेली गाडी वरच्या मजल्यावर चढवायची तर हूड काढून, घडी करून आत ठेवावं लागतं. ट्रेलर साठ-सत्तरनं धावतो, वारा कापडाखाली शिरतो, आधी बटणं सुटतात, मग शिवण. चढवणाऱ्याला वाटलं वरून दोरी बांधली की पुरे. चाकांना पट्टे मात्र त्यानं नीट बांधले होते, स्प्रिंगच्या पाट्यांवर ताण येऊ दिला नव्हता, हे फोटोत दिसतं. हूडबद्दल मी बुकिंगच्या वेळी विचारायला हवं होतं. 'गाडी कोणती' विचारलं, 'जिप्सी' ऐकलं, आणि हार्ड टॉप की सॉफ्ट टॉप हे विचारलंच नाही. हूड हिंगणघाटला शिवा किंवा नागपूरला, कापड तुमच्या पसंतीचं, बिल मला पाठवा. पेट्रोलचे पैसे त्याच बिलात धरा.

उशिराबद्दल. आठ ते दहा दिवस मी सांगितले, ते ट्रेलर निघाल्यापासूनचे होते, आणि हे शब्द मी बोललो नाही. उघडा ट्रेलर भरल्याशिवाय निघत नाही. कोचीत तुमची गाडी नऊ दिवस भरतीची वाट पाहत यार्डात उभी होती. तुम्ही फोन केला की आम्ही 'रस्त्यात आहे' सांगत राहिलो. पोळ्याला बैलांच्या मागे जिप्सी उभी करायची म्हणून तुम्ही घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तान्हा पोळाही झाला, त्यानंतर दोन दिवसांनी गाडी आली. तो दिवस मी परत आणून देऊ शकत नाही. आता बुकिंग घेताना गाडी कोणत्या तारखेला चढली आणि ट्रेलर कोणत्या तारखेला निघाला, या दोन्ही तारखा फोटोसकट पाठवणं आम्ही सुरू केलं आहे.

घरपोच देण्याच्या मुद्द्यावर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, 'जाम डिलिव्हरी' लिहिलं आहे, भाडं १९,५०० रुपये त्याच हिशोबानं ठरलं, आणि त्याची प्रत तुम्हाला पहिल्याच दिवशी पाठवली होती. तुमच्या गावाकडच्या रस्त्यावर विजेच्या तारा खाली आहेत आणि शेवटचा तुकडा पांदणीचा. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत आमचा फ्लॅटबेडही रुतेल. तिथे जायला तुमची जिप्सीच हवी. 'घरी सोडायचे २,५०० लागतील' हे ड्रायव्हर बोलला, तो आमचा ठरलेला दर आहे. यात फसवणूक नाही.

आणखी एक, तुमच्या हक्काचं. कॅरेज बाय रोड कायदा २००७ प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली तर वाहतूकदारावर दावा करता येतो. बिल्टीवर गाडीची जास्त किंमत लिहून तसं भाडं ठरवलेलं नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. तुमच्या बिल्टीवर किंमत लिहिलेली नाही, आणि ती लिहून घ्या असं मी सांगितलंही नव्हतं. ट्रेलर दुसऱ्याचा होता हे कारण मी पुढे करणार नाही. बिल्टी आमची आहे, तेव्हा जबाबदारी आमची. माझं हे उत्तर लेखी आहे, नोटिशीसोबत जोडायचं असेल तर जोडा.

तारा बदला असं मी म्हणत नाही. मिस्त्रीकडे कोणत्या दिवशी नेता तेवढं कळवा. मी स्वतः येतो, गाडी उघडताना सोबत थांबतो. तोवर ती हायवेवर काढू नका, टायर बदलेपर्यंत तर नाहीच.

— मालक, गाडी वाहतूक, जाम चौरस्ता, ता. समुद्रपूर, जि. वर्धा