गाणं शाळेतच शिकवा, बाकी कुठं सगळ्यांना दार उघडं नाही

लेकराला संगीत शिकवलं की गणित सुधरतं, मेमरी वाढते, एकाग्रता येते असे फॉरवर्ड सारखे येत राहतेत आणि लोक खाली हात जोडलेले इमोजी टाकतेत. मला ते वाचून चीडच येते. म्हणजे गाण्यानं शाळेत यायचं तर गणिताचं बोट धरूनच यायचं का? भूगोल शिकवताना कुणी विचारतं का की यानं मेडिकलच्या नीट परीक्षेला किती मार्क वाढतील? (लातूरच्या आसपास राहत असाल तर विचारतेत म्हणा, आमच्याकडं आठवीपासूनच फाउंडेशन बॅच सुरू होते.)

माझं म्हणणं वेगळंय. आपल्या मराठवाड्यात गाण्याचा तुटवडा कधीच नव्हता. गंगाखेडला जनाबाई, नर्सीला नामदेव, पैठणला नाथांची भारुडं, तुळजापूरच्या आईचा गोंधळ, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली, चौदा एप्रिलला गल्लोगल्ली भीमगीतं, गावात सप्ता बसला की पहाटे काकडा आणि संध्याकाळी हरिपाठ. वर्षातला एक महिना असा नसेल की कानावर काही पडत नाही. पण हे सगळं लेकराच्या हातापर्यंत पोचतं कसं ते जरा बघा. पखवाज शिकायचा तर घर माळकरी पाहिजे आणि शक्यतो पोरगं पाहिजे, पोरीच्या हातात फार तर टाळ येतो, धुमेला (पखवाजाच्या डाव्या तोंडाला) कणीक लावून पोरगी पखवाजावर बसलीये असं किती गावात दिसतं सांगा. संबळ गोंधळ्याच्या घरात. हलगी एकाच वस्तीत पिढ्यानपिढ्या, आणि तिथलं पोरगं कितीही भारी वाजवत असलं तरी कॉलेजला गेलं की लपवतं, कारण हलगीवरून जात कळते आणि पुढचं काय ते त्याला माहिती असतं. तबल्याचा नाहीतर गाण्याचा क्लास लावायचा तर तालुक्याला जावं लागतं, फी आली, एसटीचा पास आला, आणणं-नेणं आलं. आणि ज्याचे मायबाप दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातेत त्या लेकरानं कोणता क्लास लावायचा? बायकांचं तर अजूनच अवघड. आमची आजी जात्यावर एकामागून एक ओव्या म्हणायची, कुणी शिकवलं विचारलं तर म्हणायची जात्यानंच. जातं गेलं, गिरणी आली, कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण पोरींची गाण्याची ती एक हक्काची जागा गेली आणि तिच्या बदल्यात काहीच आलं नाही.

राहिली एकच जागा. शाळा. तिथं पाटलाचं, गोंधळ्याचं, ऊसतोडीवाल्याचं लेकरू एकाच पट्टीवर बसतं (ज्यांना परवडतं ते इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या बसमधून जातेत तो भाग वेगळा). म्हणून माझा हट्ट शाळेचा आहे.

आणि गंमत अशी की शाळेत गाणं रोज आहेच. परिपाठ! राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रार्थना, एखादं समूहगीत. रोज म्हणजे रोज. पण ते म्हणायचं कसं हे कुणीच शिकवत नाही. कधी सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून नीट ऐका. समोरची दोन मुलं मनाला येईल त्या पट्टीत (म्हणजे सुराच्या उंचीत) सुरू करतेत, जरा चढीच लागलेली असते, आणि राष्ट्रगीतात शेवटाकडं पहिल्या 'जय हे'ला सूर एकदम वर जातो, तिथं अर्धी लेकरं गप्प बसतेत आणि उरलेली ओरडतेत. मग सर म्हणतेत जोरात म्हणा. अहो जोराचा प्रश्नच नाहीये, पट्टीचा आहे! उलटंही होतं, सर स्वतःच सुरू करतेत त्यांच्या काळी एक मधे (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, मोठ्या माणसाला सोयीचा सूर), आणि लहान लेकरांचा आवाज खाली तितका उतरतच नाही, ती नुसती पुटपुटतेत. एक साधी पेटी असली, पोरांना झेपेल असा सा एकदा धरून दिला आणि दहा सेकंद सगळ्यांना त्यावर 'आ' लावायला सांगितला तरी फरक कळेल. वेगळा तास नाही लागत याला.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आठवी-नववीत पोरांचा आवाज फुटतो. सातवीपर्यंत जो पोरगा पुढं उभा राहून गात होता त्याचा आवाज एक दिवस अचानक घोगरा येतो, मधेच चिरकतो, वर्ग हसतो, झालं. ते पोरगं पुन्हा आयुष्यात गात नाही, लग्नात मित्रांनी माईक पुढं केला तरी मागं सरकतं. तुमच्या ओळखीत असे पाच-दहा जण निघतील बघा, सगळे म्हणतेत 'आपल्याला गळाच नाही'. गळा होता की. फक्त त्या वयात सांगायला कुणी नव्हतं की बाबा हे तात्पुरतं आहे, काही महिने खालच्या पट्टीत गा, नाहीतर तोवर ठेका धर. संगीताचा शिक्षक असता तर दोन मिनिटाचं काम होतं.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरच्या वर पट असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन शिक्षक पाहिजे. २०२० चं नवीन शैक्षणिक धोरणही म्हणतं की कला ही काय जास्तीची भानगड नाही, अभ्यासाचाच भाग आहे. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात कला म्हणजे चित्रकला, तीपण असली तर, आणि वेळापत्रकातला कलेचा तास सिलॅबस राहिला म्हणून गणिताला जातो. वर्षाच्या शेवटी प्रगतीपत्रकात कला विषयापुढं सगळ्यांना अ-१ नाहीतर अ-२. जो तास झालाच नाही त्यात आख्खा वर्ग हुशार!

शाळेची सहल तर दौलताबादला हमखास असते. चांदमिनार बघतेत, मेंढा तोफेवर हात ठेवून फोटो काढतेत, किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या काळोख्या वाटेत वटवाघळं बघून किंचाळतेत. पण याच देवगिरीवर तेराव्या शतकात, यादवांच्या सिंघण राजाच्या दरबारात शारंगदेव नावाचा माणूस होता, हे एकाही पोराला सांगत नाहीत. घराणं मूळचं काश्मीरचं, नोकरी राज्याचे हिशेब बघायची, आणि त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, जो ग्रंथ उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे दोन्हीकडचे गवई-पंडित आजही प्रमाण मानतेत. आपल्या मातीत बसून लिहिलेला! आणि आपल्या दहावीच्या पोराला सात सुरांची नावं विचारा, प नंतर अडकतं.

आता कुणी म्हणेल मास्तर आधीच कामाखाली दबलेत. खरंय. निवडणूक, सर्वे, खिचडीचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती, त्यांच्यावर हे टाकूच नका. गावात भजनी मंडळ आहे, त्यातला पखवाजवाला आठवड्यातून दोन तास शाळेत आणा. हलगीवाल्यालाही आणा, आणि मानधन देऊन आणा, फुकट नको, वरातीत त्याला जसं वागवतेत तसंही नको. 'सर' म्हणूनच यायला पाहिजे तो. काही घरातून कुरकुर होईल हे मला माहितीये, आमच्या पोरीनं हलगी कामून वाजवायची म्हणतील. होऊ द्या. पावसाळ्यात चामडं सैल पडलं की हलगी शेकावी लागते, शेकली की आवाज कसा कडक होतो हे लेकरांनी हातात घेऊन बघितलं पाहिजे. (बघा, मीच आता विज्ञानाचं बोट धरायला लागलो.)

पैशाचं म्हणाल तर गावोगाव लोकवर्गणीतून शाळेत मोठमोठे टीव्ही बसलेत, निम्म्यांवर कापड टाकून ठेवलेलं असतं. पेटी आणि तबला त्याहून जड जाणार नाही. आमच्या गावच्या शाळेत पुढच्या व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला मी हा विषय मांडणारे, सरपंचाशी बोलणं झालंय, ते म्हणले आधी पेटी तर आणा, वाजवणारा मी देतो. तर कुणाच्या घरी जुनी पेटी माळ्यावर पडून असेल तर इनबॉक्स करा, भाता फाटका असला तरी चालेल, दुरुस्त करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. आणि उगं शोपीस म्हणून ठेवलेली असेल तर तीपण द्या राव.